तासावर सायकल देणारं दुकान आता डिस्क ब्रेकही दुरुस्त करतं

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, चरई, कुठेही राहत असाल आणि घरात सायकल असेल तर या दुकानात जाच. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत जुन्या दुमजली बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे, शटर एवढं अरुंद की दोन सायकली दारात लावल्या की आत शिरायला वाट राहत नाही, वर छताला टायर आणि रिम टांगलेल्या, बाहेर उभा पंप ठेवलेला असतो आणि हवेचे पैसे घेत नाहीत. काका, काकू आणि त्यांची मुलगी असे तिघंच सगळं बघतात. मुलगी माझ्यापेक्षा लहान आहे पण तिचं काम बघून मी तिला ताईच म्हणते.

माझ्याकडून पाचपैकी पाच. पण ते का, हे सांगायचं तर दुकान कसं सुरू झालं तिथपासून सांगावं लागेल, कारण आज इथे ज्या पद्धतीने काम करतात ती तिथूनच आलीय असं माझं ठाम मत आहे.

काकांचे वडील, म्हणजे आम्हा सगळ्या पोरांचे आजोबा, मूळचे संगमेश्वरकडचे. मुंबईत आले आणि वरळीला हिंद सायकलच्या कारखान्यात चाकं बांधायच्या खात्यात लागले. आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही की वरळीत सायकली बनायच्या, पण बनायच्या, आणि हिंद हे त्या काळी मोठं नाव होतं. पुढे कंपनी डबघाईला आली आणि १९८० साली केंद्र सरकारने कायदा करून वरळीची हिंद आणि आसनसोलची सेन-रॅले अशा दोन्ही ताब्यात घेतल्या. आजोबा त्याच्या कितीतरी आधी नोकरी सोडून ठाण्यात आले होते. सोबत काय आणलं तर हातातलं कसब, म्हणजे चाक बांधणं आणि आउट काढणं, म्हणजे डगमगणारं चाक सरळ करणं. जुन्या मोठ्या काळ्या सायकलला पुढच्या चाकात ३२ स्पोक आणि मागच्या चाकात ४०, कारण मागे माणसाचं वजन, कॅरिअरवरचा बोजा आणि चेनचा ओढा असं सगळंच येतं. हे सगळे स्पोक सारख्या ताणात बसवून चाक सरळ फिरवणं हे काम बघायला सोपं आणि करायला भयंकर किचकट. एक स्पोक आवळला की चाक त्या बाजूला ओढलं जातं, मग समोरचा थोडा सैल करायचा, मग पुन्हा फिरवून बघायचं. आजोबा बोटाने स्पोक वाजवून आवाजावरून ताण ओळखायचे. काका पण तसेच ओळखतात आणि आता ताईसुद्धा, जरी तिच्याकडे ताण मोजायचं मीटर असलं तरी.

दुकान सुरू झालं ते मात्र दुरुस्तीचं नाही, भाड्याचं. तासावर सायकल. ज्यांचं लहानपण ठाण्यात गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तासाला चार आणे होते, मग आठ आणे, माझ्या वेळेला रुपया दोन रुपयांवर गेलं होतं. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर लिहिलेले, लहान मुलांसाठी छोट्या सायकली वेगळ्या, आणि एक लांबट वही ज्यात नाव, सायकलचा नंबर आणि नेल्याची वेळ. डिपॉझिट वगैरे काही नाही, कोणाचा कोण, कुठल्या चाळीतला एवढं विचारायचं आणि सायकल द्यायची. मे महिन्यात सकाळी शटर उघडायच्या आधी पोरं बाहेर उभी असायची आणि चांगल्या ब्रेकची सायकल मिळावी म्हणून नंबर पाठ करून यायची. तलावपाळीला एक चक्कर मारून परत आलं तरी तास संपायला वेळ उरायचा, मग पुन्हा चक्कर. छोट्या सायकली संपल्या असल्या की मोठी घ्यायची आणि मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकायचं, नौपाड्यातल्या निम्म्या लोकांच्या गुडघ्यावर त्याच्या खुणा अजून असतील.

आता बघा, भाड्याची सायकल म्हणजे दिवसभर शिकाऊ पोरांच्या हातात. पडणार, आदळणार, कोणी डबलसीट घेणार, कोणी फूटपाथवरून उडवणार. ती बिघडून उभी राहिली की तेवढा वेळ तिचं भाडं बुडालं आणि वर पार्टचा खर्चही दुकानाच्याच खिशातून. म्हणजे हलका पार्ट टाकून आठवड्याने तेच काम पुन्हा करणं परवडायचं नाही, आणि चालणारा पार्ट उगाच काढून नवा टाकणंही परवडायचं नाही. आजोबा वर्षानुवर्षं स्वतःच्याच सायकली दुरुस्त करत होते. तीच सवय गिऱ्हाइकाच्या सायकलला लागली आणि पुढच्या पिढीत उतरली, आजही काका कुठलीही सायकल हातात घेतात तेव्हा ती भाड्यावर द्यायची असल्यासारखा विचार करतात. इतर ठिकाणी तुमच्या सायकलमध्ये काय काय विकता येईल ते आधी बघतात, इथे काय काय वाचवता येईल ते बघतात, आणि पैशांचा खरा फरक तिथे पडतो.

भाड्याच्या सोबतीने कामगारांचा धंदा वाढला. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत, शिवाय रेमंड, कॅडबरी, व्होल्टास या कंपन्या होत्याच, म्हणजे ठाणं तेव्हा पक्कं कारखान्यांचं गाव होतं आणि कामावर जायचं वाहन म्हणजे सायकल. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये होते. शिफ्ट सुटली की तीन हात नाक्याकडून सायकलींची रांगच यायची आणि त्यातल्या काही या दुकानासमोर थांबायच्या. पंक्चर, ब्रेकचं रबर, सैल झालेली कॉटर पिन. ही पिन म्हणजे पेडलचा दांडा एक्सलला पकडून ठेवणारी छोटीशी पाचर, ती झिजली की पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला खट असा आवाज येतो आणि माणूस वैतागतो. पैसे लगेच द्यायचे नसत, वहीत महिन्याचं खातं, पगार झाला की चुकते. रविवारी ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळी सायकल खोलून, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून परत जोडायची. रात्रपाळीवाल्यांना डायनॅमो चालू लागायचाच कारण दिवा नसला की हवालदार अडवायचा, आणि डायनॅमो टायरला टेकवला की पेडल जड व्हायचं म्हणून बाबा पोलीस चौकी मागे पडली की तो बंद करायचे असं आई सांगते.

बाबांची हर्क्युलस होती. ती बनवायची मद्रासची टीआय सायकल्स, १९४९ पासूनची कंपनी. बाबांना हर्क्युलस सोडून दुसरी चालायची नाही आणि आजोबांचं मत ॲटलसच्या बाजूने, यावरून दोघं इतके बोलायचे की शेवटी पंक्चर काढून झालं तरी बाबा तिथेच उभे.

भाड्याचा धंदा हळूहळू संपला. कोणी एकाने बंद पाडला असं नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी मुलांना स्वतःची सायकल घेऊन द्यायला लागले, जाड टायरची, सरळ हँडलची, गिअर नसले तरी गिअरवाली दिसणारी. रस्त्यावर रिक्षा आणि स्कूटर एवढ्या वाढल्या की आया पोरांना गल्लीबाहेर सोडेनात. तिकडे कारखाने एकेक करून बंद झाले, त्या जागी टॉवर आले, म्हणजे मुलंही गेली आणि कामगारही गेले. काका सांगतात की त्या दहा-बारा वर्षांत आजूबाजूच्या सायकलवाल्यांपैकी कोणी चाव्या बनवायला लागलं, कोणी टू-व्हीलरचं पंक्चर, कोणी गाळाच विकला. या लोकांनी काय केलं, तर व्हीलचेअर, बाबागाडी, हातगाडी, पाववाल्यांच्या सायकली, जे जे चाकावर चालतं ते सगळं दुरुस्तीला घेतलं. काकू शिवणकाम करून घर चालवायच्या आणि दुकानाची वहीही बघायच्या. काकूंशिवाय हे दुकान तेव्हाच बंद पडलं असतं. लोक काकांचं कौतुक करतात, करावंच, पण काकूंचं नाव कोणी काढत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितेय. अजूनही हिशोब त्यांच्याकडेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या सायकलींवरचे किमतीचे कागद स्वतः बदलले होते, कोणी विचारायच्या आधी.

व्हीलचेअर दुरुस्ती अजून करतात बरं का. घरात कोणी आजारी असेल तर लक्षात ठेवा, ज्या दुकानातून व्हीलचेअर घेतली ते बऱ्याचदा दुरुस्ती करत नाहीत. माझ्या सासूबाईंच्या खुर्चीचं पुढचं छोटं चाक अडकायचं, काकांनी बेअरिंग बदलून दिलं आणि पायठेवणी पण घट्ट करून दिली आणि तिचे वेगळे पैसे लावले नाहीत.

मग सायकल परत आली. रविवारी पहाटे येऊरच्या चढावर जाणारे, घोडबंदरवरून फाउंटन हॉटेलपर्यंत जाऊन येणारे, नाशिक हायवेने लांब मारणारे, असे लोक वाढले आणि त्यांच्याकडे ज्या सायकली होत्या त्या काकांनी कधी खोललेल्या नव्हत्या. कार्बनची फ्रेम, अकरा-बारा स्पीडचे गिअर, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक. इथे ताई आली. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून नोकरी करत होती, सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून एकेक गोष्ट खोलून शिकली, मग नोकरी सोडून पूर्णवेळ आली. सुरुवातीला गिऱ्हाईक तिला बघून "काका कुठेत?" विचारायचे आणि काका आतूनच ओरडायचे की गिअरचं काम तिचं आहे, मला येत नाही. वडील माणसाने चारचौघांत असं म्हणणं मला फार मोठं वाटतं.

२०२० मध्ये लॉकडाउन उठताना जो प्रकार झाला तो तुम्हाला आठवत असेल. जिम बंद, लोकल बंद, आणि अचानक प्रत्येकाला सायकल हवी. नव्या सायकली मिळतच नव्हत्या, त्यात ३ जूनला म्हणजे जागतिक सायकल दिनालाच ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली, आजोबा असते तर त्यांना फार लागलं असतं. तेव्हा या बापलेकींनी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गंजत पडलेल्या सायकली लोकांना बाहेर काढायला लावल्या. गिऱ्हाईक नवी घ्यायला आलं तर आधी विचारायचे, घरात जुनी पडलीय का? असेल तर ती आणा. आमच्याच सोसायटीतल्या कितीतरी सायकली तेव्हा पुन्हा रस्त्यावर आल्या. त्या काळात हवी ती किंमत लावून नव्या विकता आल्या असत्या, तसं करणारी दुकानं मी पाहिलीयत.

आता माझा अनुभव. मी चरईहून वागळे इस्टेटला ऑफिसला सायकलने जाते. मध्ये सायकलमधून टक टक आवाज यायला लागला, फक्त जोर लावला की. दुसऱ्या एका मोठ्या एसी शोरूममध्ये दाखवली तर त्यांनी न खोलताच खालचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांमधला एक्सल-बेअरिंगचा भाग गेलाय, चेनरिंगसकट म्हणजे पुढच्या दातेरी चक्रासकट बदलावं लागेल म्हणून मोठा आकडा सांगितला. इथे ताईने सायकल स्टँडला लावली, मला बाजूला उभं केलं आणि एकेक गोष्ट वगळत गेली. सीट पोस्ट काढून पुसून ग्रीस लावून बसवला, आवाज तसाच. मग दोन्ही पेडल काढले, आटे कोरडे ठणठणीत, धूळ अडकलेली. साफ केले, ग्रीस लावलं, परत आवळले, आवाज गेला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हेही तेव्हाच कळलं, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने फिरवून काढायचा, कारण साधे आटे ठेवले तर पेडल मारता मारता ते आपोआप सुटत जातात. पैसे किरकोळ. आणि जाताना सांगितलं की चेन मात्र बदलायला आलीय. ते पण नुसतं सांगितलं नाही, पट्टी लावून दाखवलं. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं माप अर्ध्या इंचाचं असतं, त्यामुळे नव्या चेनमध्ये एका पिनेवर शून्य ठेवलं की बारा इंचावर बरोबर दुसरी पिन येते. माझी सूतभर पुढे गेली होती. अशी ताणलेली चेन तशीच चालवत राहिलं की ती मागच्या चक्रांचे दात पण खाते, मग चेनसोबत कॅसेट, म्हणजे त्या मागच्या चक्रांचा संच पण बदलावा लागतो. घरी पट्टी सगळ्यांकडे असते, बघून घ्या.

टायर-ट्यूब घ्यायला जाल तर नुसतं "सव्वीसची द्या" म्हणू नका, टायरच्या बाजूवर लिहिलेलं पूर्ण माप फोटो काढून न्या. सव्वीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या रिम वेगवेगळ्या मापाच्या असतात, जुन्या लेडीज सायकलची ५९० मिलिमीटरची आणि माउंटन बाइकची ५५९ची, एकीचा टायर दुसरीवर चढत नाही. उलट २९ इंच आणि ७०० सी ही नावं वेगळी पण रिम दोन्हीची ६२२चीच. ऑनलाइन मागवून चुकीचा टायर हातात धरून इथे आलेली माणसं मी बघितलीयत, काका त्यांना शांतपणे समजावतात आणि परत पाठवायचा कसा तेही सांगतात.

हायड्रॉलिक म्हणजे तेलावर चालणाऱ्या ब्रेकचं काम ठाण्यात कुठेही टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड नावाचं वेगळं द्रव, एकाचं दुसऱ्यात गेलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कामातून जातो, आणि येऊरचा उतार उतरताना ते कळलं तर काय होईल याची कल्पना करा. ताई दोन्हीच्या सिरिंज वेगवेगळ्या ठेवते, लेबल लावून. आणि ज्यांच्याकडे स्टीलच्या चकचकीत रिमवाली जुनी सायकल आहे त्यांना काका पावसाळ्याआधी हमखास बजावतात की ओल्या स्टीलवर ब्रेक धरत नाही, लांबूनच दाबायला लागा.

काही त्रासाच्या गोष्टी पण आहेत. फोन उचलत नाहीत, दोघांचे हात ग्रीसचे असतात आणि काकू दुपारनंतर येतात, म्हणून मेसेज टाका, रात्री उत्तर येतं. दीड ते साडेचार बंद म्हणजे बंद. घासाघीस चालत नाही. महागडे पार्ट दुकानात ठेवत नाहीत, मागवावे लागतात आणि त्याला वेळ जातो, हे थोडं बदलायला हवं असं मला वाटतं, निदान अकरा स्पीडच्या चेन तरी ठेवाव्यात. गाडी लावायला अजिबात जागा नाही. एप्रिलच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रचंड गर्दी असते, मुलांच्या सायकली सुट्टीसाठी काढायच्या असतील तर मार्चमध्येच सर्व्हिसिंग करून घ्या. आणि बाहेर पाववाल्याची किंवा पेपरवाल्याची सायकल उभी असली तर ती आधी होणार, तुमची कितीही महाग असली तरी, कारण त्याचा दिवसाचा धंदा तिच्यावर आहे. यावर एकदा एक गृहस्थ चिडून निघून गेले होते. मला तरी हे अगदी बरोबर वाटतं.

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय. नव्या बिल्डिंगमध्ये दुकानाचा गाळा मिळणार हे करारात आलंय, मधल्या काळासाठी पाचपाखाडीत भाड्याची जागा बघणं चालू आहे, पक्की झाली की शटरवर पत्ता लावणार आहेत. तोपर्यंत दुकान इथेच आहे, सोमवारी बंद.